माफीचा साक्षीदार आणि हिंगोलीची छावणी

माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यात स्वतः सामील असलेला, पण सगळी हकीकत खरी सांगण्याच्या अटीवर शिक्षेतून सूट मिळालेला माणूस. फौजदारी खटल्यात आरोपीच्या वकिलाला सर्वांत जड जाणारा साक्षीदार हाच. तो आतला असतो, त्याला बारकावे ठाऊक असतात आणि स्वतःची मान सोडवून घेण्याची गरजही त्यालाच असते. अशा साक्षीवर मोठ्या प्रमाणात शिक्षा देण्याची रीत हिंदुस्थानात ठगांच्या, म्हणजे प्रवाशांना मारून लुटणाऱ्या टोळ्यांच्या, बंदोबस्ताच्या काळात पक्की झाली. त्या काळाचा एक खुणेचा प्रसंग हिंगोलीचा आहे.

हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून फुटून स्वतंत्र जिल्हा झाला. एकोणिसाव्या शतकात मात्र हे निजामाच्या मुलखातले लष्करी ठाणे होते आणि हैदराबाद कंटिन्जंटची छावणी येथे १९०३ पर्यंत राहिली. छावणी म्हटली की बाजार आलाच. या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. निजामाच्या फौजेतला अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने आपणही इतरांप्रमाणे त्याच्याशी व्यवहार केल्याचे लिहून ठेवले आहे.

प्रत्यक्षात ठग असलेल्या या हरिसिंगने एकदा जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला. कापड खरोखरच वाटेवर होते, पण ते त्याचे नव्हते. हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी स्वतः सोबत राहून तो माल आणत होता. हरिसिंगने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि जनावरे हाकणाऱ्यांना वाटेतच ठार केले, मिळवलेल्या परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. परवाना अस्सल होता. पकडला गेल्यावर त्याने स्वतः कबुली दिली नसती, तर हा गुन्हा उजेडात आलाच नसता, असे टेलर म्हणतो.

पुढे माफीच्या साक्षीदारांनी छावणीतल्याच जागा दाखवायला सुरुवात केली. मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात खून झाले होते आणि प्रेते पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरलेली होती. साक्षीदार एकेक जागा शांतपणे दाखवत गेले, माणसे खणत गेली आणि एकेका खड्ड्यातून अनेक देह निघाले. यांतले काही खड्डे टेलरच्या डोळ्यांदेखत उघडले गेले. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली निघाली. तिचा निवेदक अमीर अली माफीचा साक्षीदारच आहे.

कायद्याच्या दृष्टीने या खड्ड्यांकडे नीट पाहायला हवे. साक्षीदाराने दाखवलेल्या जागी देह सापडला, तर खून झाला हे सिद्ध होते आणि साक्षीदाराला ती जागा ठाऊक होती हेही सिद्ध होते. त्याने ज्यांची नावे घेतली ती माणसे तेथे होती, हे मात्र त्या खड्ड्यावरून कळत नाही. फौजदारी बचावाचा पुढचा सगळा इतिहास या फरकाभोवती फिरला आहे.

ठगांच्या खटल्यांत हा फरक मांडायला आरोपीच्या बाजूने वकील नव्हता. ठगांच्या बंदोबस्ताची मोहीम चालवणारा ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमन साक्षीदारांना वेगवेगळे ठेवून त्यांच्या जबान्या ताडून पाहत असे. सावधगिरीची भिस्त मुख्यतः एवढ्यावरच होती. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरवला, म्हणजे अमुक एक खून अमक्यानेच केला हे दाखवण्याची गरज उरली नाही. पूर्वी शिक्षा झालेल्या माणसाची साक्ष चालणार नाही ही आडकाठी १८३७ च्या एकोणिसाव्या कायद्याने दूर झाली. टेलरने १८३१ ते १८३७ या वर्षांचे जे आकडे दिले आहेत त्यांत फाशी गेलेले ४१२ आणि माफीचे साक्षीदार ४८३ आहेत. फासावर गेलेल्यांपेक्षा माफी मिळालेले जास्त होते, ही बाब त्या यंत्रणेबद्दल पुष्कळ सांगून जाते.

१८७२ च्या पुरावा कायद्याचा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने केला. या कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे साथीदाराच्या एकट्या साक्षीवर शिक्षा दिली तरी ती बेकायदा ठरत नव्हती. उलट कलम ११४ च्या एका उदाहरणात असा साक्षीदार, महत्त्वाच्या बाबींत दुजोरा नसेल तर, विश्वासाला अपात्र मानता येईल असे होते. या उदाहरणाला जोडलेले दोन अपवाद फार बोलके आहेत. एकात यंत्र बसवताना झालेल्या निष्काळजीपणाने माणूस मेला आहे आणि त्या कामातला दुसरा तितकाच सचोटीचा माणूस दोघांचीही चूक कबूल करतो. बांधकामावर स्लॅब कोसळून मजूर दगावला, तर असा प्रश्न आजही उभा राहू शकतो. दुसऱ्यात जागेवर पकडलेल्या तिघांना वेगवेगळे ठेवले आहे आणि तिघेही एकाच चौथ्याचे नाव घेतात. स्लीमनची पद्धतही हीच होती.

हिंगोलीसह हैदराबाद संस्थानच्या मुलखाला हा कायदा १ एप्रिल १९५१ पासून लागू झाला. तोवर वरिष्ठ न्यायालयांनी दुजोऱ्याची अट बरीच घट्ट केली होती. महात्मा गांधींच्या खुनाच्या खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. न्यायाधीश आत्माचरण यांना त्याची साक्ष खरी वाटली, तरी स्वतंत्र दुजोऱ्याअभावी तिच्या आधारे विनायक दामोदर सावरकरांना दोषी धरणे त्यांना सुरक्षित वाटले नाही आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये सावरकर निर्दोष सुटले. १९५७ साली सरवणसिंग खटल्यात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी दुहेरी कसोटी घालून दिली. साक्षीदार मुळात विश्वासार्ह आहे का, हे आधी पाहायचे. त्यात तो उतरला, तरच दुजोऱ्याकडे वळायचे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ खाली माफी देता येते. माफी मिळालेल्याची साक्ष आधी दंडाधिकाऱ्यांसमोर आणि पुन्हा सत्र न्यायालयात होते. त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या जबानीतली तफावत उलटतपासणीत दाखवणे आरोपीच्या वकिलाला शक्य होते. माफीचा साक्षीदार आधीच जामिनावर नसेल, तर खटला संपेपर्यंत कोठडीतच राहतो. खोटे बोलला किंवा काही दडवले, तर मूळ गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालू शकतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये आता ‘दुजोरा असलेली साक्ष’ असा शब्दप्रयोग आला आहे. वकील परवडत नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याची ही तरतूद ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे.