धनंजयराव गाडगीळ आणि कोरडवाहू प्रदेशातील तेजीमंदी

व्यापारचक्राची उपपत्ती प्रथमतः औद्योगिक देशांच्या अनुभवावरून बांधली गेली. १८६२ मध्ये ज्युग्लार या फ्रेंच अभ्यासकाने इंग्लंड, फ्रान्स व अमेरिका येथील तेजीमंदीची आवर्तने दाखविली. पुढे जेव्हन्सने त्यांचा संबंध सूर्यावरील डागांशी व हिंदुस्थानातील पिकांशी जोडला. सूर्यडागांची उपपत्ती टिकली नाही. पिकांचा प्रश्न मात्र उरला.

धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१-१९७१) हे रूढ अर्थाने व्यापारचक्राचे सिद्धांतकार नव्हेत. तथापि १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रिसेंट टाइम्स’ या ग्रंथात त्यांनी हिंदी शेतकऱ्याच्या स्थितीचा कालखंडशः विचार केला, आणि त्यातूनच या प्रश्नाला ऐतिहासिक आधार मिळाला.

दख्खनमधील आवर्तनास दोन कारणे होती: पाऊस आणि दूरची बाजारपेठ. अमेरिकन यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापूस महागला. युद्ध संपताच भाव कोसळले. तेजीत सावकाराने सढळ हाताने दिलेले कर्ज मंदीत वसूल होऊ लागले. १८७५ मध्ये सुपे येथे सुरू होऊन पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांमागे हे एक कारण होते. लगेच १८७६-७८ चा दुष्काळ आला. अवर्षणात विकावयास धान्य नसते, मंदीत धान्य असून भाव नसतो. दोन्ही प्रसंगी कर्ज मात्र वाढते.

म्हणूनच गाडगीळांचे पुढील कार्य संस्थात्मक झाले. १९३० मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक होते. ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीचे ते सदस्य होते. त्या समितीने १९५४ च्या अहवालात कर्जाची सांगड मालाच्या विक्रीशी घालण्याची शिफारस केली. विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासमवेत उभारलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना ही या विचाराची प्रत्यक्ष कसोटी होय.

त्या कसोटीची मर्यादा वैजापुरास दिसते. तालुक्याच्या दक्षिणेस गोदावरी वाहते. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता, तर नदीपलीकडचा अहमदनगर जिल्हा मुंबई इलाख्यात. तिकडे १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने प्रवरेच्या कालव्यांना पाण्याची शाश्वती दिली व उसास आधार मिळाला. अलीकडे ज्वारी-बाजरीचे कोरडवाहू शिवार पावसावरच अवलंबून राहिले. सहकारी संस्था बाजारभावाचा धक्का सौम्य करू शकते. परंतु तिला विकण्याजोगे पीक हाती यावे लागते.

गाडगीळांच्या निधनानंतर दुसऱ्याच वर्षी, १९७२ मध्ये, मराठवाड्यासह महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ ओढवला. त्या काळात आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने वैधानिक रूप मिळाले. पीक बुडाल्यावरही मजुराची क्रयशक्ती टिकविण्याचा हा उपाय होता. गाडगीळांनी मांडलेल्या प्रश्नाचे पतपुरवठ्याने न सुटलेले अर्धे अंग येथे प्रथमच शासनाच्या कर्तव्यात समाविष्ट झाले.