सोन्याचे वासरू

इस्राएली लोकांनी सीनाय पर्वताच्या पायथ्याशी घडवलेली मूर्ती. हिब्रू बायबलमधील ‘निर्गम’ या ग्रंथाच्या ३२ ते ३४ या अध्यायांत तिची कथा येते. ईश्वरी कोप आणि आज्ञाभंगाचे परिणाम समजून घेण्यासाठी बायबलमधील इतर कोणत्याही प्रसंगापेक्षा हा प्रसंग अधिक उपयोगी आहे, कारण इथे कोपाबरोबर त्याला घेतलेली हरकतही नोंदलेली आहे.

देवाच्या सर्व आज्ञा पाळू, असे वचन लोकांनी २४व्या अध्यायात दिले होते आणि रक्त शिंपडून करार पक्का झाला होता. त्यानंतर लोकांचा नेता मोशे ४० दिवस पर्वतावर राहिला. तो परतेना म्हणून लोकांनी त्याचा भाऊ अहरोन याच्याकडे डोळ्यांना दिसेल असा देव मागितला. त्याने त्यांच्या कानांतली सोन्याची कुंडले घेऊन वासरू ओतले. आज्ञाभंग आहे तो हा, नुकताच दिलेला शब्द मोडण्याचा. त्यामुळे देवाच्या संतापात लहरीपणा शोधणे चुकीचे ठरते.

देव हा संताप आधी मोशेला बोलून दाखवतो: या लोकांचा नाश करून तुझ्यापासूनच मोठे राष्ट्र निर्माण करीन. मोशे हा मान घेत नाही. मिसरी (इजिप्तचे) लोक काय म्हणतील, असे तो विचारतो आणि अब्राहाम, इसहाक व इस्राएल यांना दिलेल्या वचनाची देवाला आठवण करून देतो. देव माघार घेतो. कोप आधी उच्चारला गेला म्हणूनच मध्यस्थीला जागा मिळाली, हे या कथेचे मर्म होय.

तरीही परिणाम टळत नाहीत. मोशे देवाच्या आज्ञा कोरलेल्या दगडी पाट्या फोडतो, वासरू जाळून त्याची पूड पाण्यात टाकतो आणि ते पाणी लोकांना पाजतो. लेवी वंशातील लोकांच्या तलवारीने सुमारे ३,००० माणसे मरतात. पुढे रोगराईही येते. क्षमेनंतरची ही कत्तल वाचकाला अस्वस्थ करते, आणि ती सौम्य करून सांगू नये. लोकांना सर्वांत जिव्हारी लागते ती मात्र ३३व्या अध्यायातली वार्ता: देव यापुढे त्यांच्यामधून चालणार नाही. ती ऐकून ते शोक करतात, दागिने उतरवतात.

३४व्या अध्यायात नव्या पाट्या मिळतात. तिथे देव स्वतःला दयाळू व मंदक्रोध म्हणवतो, पण वडिलांच्या पापाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेण्याचेही सांगतो. यहेज्केल ग्रंथाचा १८वा अध्याय याउलट प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या कृत्यापुरतेच जबाबदार धरतो.

पुढे इस्राएलच्या यराबाम राजाने बेथेल व दान येथे सोन्याची दोन वासरे बसवली (१ राजे १२). निर्गममधील कथेला आजचे रूप त्या घटनेच्या संदर्भात आले, असे अनेक अभ्यासक मानतात.

यहुदी परंपरेनुसार पाट्या फुटल्या तो दिवस तम्मुझ महिन्याचा १७वा. दुसऱ्या पाट्या मिळाल्या तो योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल हा यहुदी समाजही योम किप्पूरचा उपवास पाळत आला आहे.

कुराणातील ‘ताहा’ या सूरेत वासरू घडवणारा सामिरी नावाचा माणूस आहे. हारून (म्हणजे अहरोन) लोकांना सावध करतो, म्हणजे दोष त्याच्याकडे जात नाही. सामिरीला मिळणारी शिक्षा बहिष्काराची आहे: मला स्पर्श करू नका, असे त्याने आयुष्यभर म्हणत राहायचे.