आंबोलीच्या जंगलातला रेडिओ

ऐकण्यापेक्षा ज्यांना वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो तेवढं गाळलंय, बाकी तसंच ठेवलंय.

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघं आंबोलीला गेलो होतो. घाटात एका वळणावर मोबाइलची रेंज गेली ती गेलीच. अर्ध्या तासात आम्ही कासावीस. मॅचचं काय झालं, घरून फोन आला असेल का, काहीच कळेना. तेव्हा एकदम आठवलं, याच जंगलातून कधीकाळी रेडिओ चालायचा. तोही चोरून. आणि घाटाखालच्या गोव्याला जगात काय चाललंय ते सांगायचा.

गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि लिस्बनमध्ये सालाझारची हुकूमशाही. छापायचं ते आधी सेन्सॉरला दाखवायचं. वर्तमानपत्र तर सोडाच, लग्नाची पत्रिकासुद्धा! म्हणजे पाहुण्यांच्या आधी सरकार तुमची पत्रिका वाचणार. सभा घ्यायची तर परवानगी हवी. १८ जून १९४६ ला राममनोहर लोहिया मडगावात परवानगीशिवाय बोलायला उभे राहिले, तर त्यांना लगेच अटक झाली. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना तर थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन डांबलं.

मग आला १५ ऑगस्ट १९५५. हजारो सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, त्यात महाराष्ट्रातलेही खूप जण होते. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली. कॅसलरॉकच्या पुढे गाडी जाईना. माणसं अडली, माल अडला आणि त्यांच्याबरोबर बातम्याही अडल्या. गोव्यातल्या माणसाच्या हाती उरलं काय? सेन्सॉरने कात्री लावलेला पेपर आणि 'एमिसोरा द गोवा' हे सरकारी स्टेशन.

कागद नाक्यावर पकडता येतो. आवाज कसा पकडणार?

त्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९५५ ला, आंबोलीच्या रानातून 'व्होज द लिबर्दाद' सुरू झाला. कोंकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. तो चालवत होते वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. सुरुवातीला निकोलाव मिनेझिशही सोबत होते. लिबिया तेव्हा ३१ वर्षांच्या. मुंबईत वाढलेल्या. सगळं सोडून त्या जंगलात आल्या होत्या.

यंत्र कुठून आलं, ती गंमत ऐका. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली, तेव्हा पोर्तुगीजांचे वायरलेस संच हाती लागले होते. त्यांच्यात फेरफार करून ट्रान्समीटर बनवला आणि ट्रकवर चढवला. म्हणजे ज्यांचं राज्य घालवायचं, यंत्रही त्यांचंच! त्या दादरा-नगर हवेलीच्या लढ्यात आपले बाबूजी, सुधीर फडकेही होते. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर त्यांचं गीतरामायण ऐकायला घराघरांत लोक रेडिओपुढे बसायचे. इकडे त्याच सुमाराला या रानात दुसरा रेडिओ घरघरत होता. तो ऐकायला मात्र आवाज बारीक करून बसावं लागायचं.

कार्यक्रम सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. पोर्तुगीज कशाला, असं मला आधी वाटलं होतं. मग लक्षात आलं, कचेरीतला कारकून, लिस्बनमध्ये शिकून आलेला वकील, छावणीतला कंटाळलेला सैनिक, या सगळ्यांच्या कानांपर्यंत जायचं तर त्यांचीच भाषा हवी. पुढे मुक्काम कॅसलरॉकला हलला. तेही घाटमाथ्यावरच, गोव्याच्या डोक्यावर. दिवसाचे दोन तास बोलायचं म्हणजे बाकीचा वेळ बातम्या जमवायच्या, ताडून पाहायच्या, लिहायच्या. आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, नुसता कागद कोरडा ठेवणं हेच तिथे एक काम असतं.

आता तुम्ही विचाराल, हा स्वतंत्र रेडिओ कसा? प्रश्न रास्त आहे. भारताच्या हद्दीत एवढी वर्षं ट्रान्समीटर चालतो म्हणजे सरकारने डोळेझाक केली असणार, असं मला तरी वाटतं. आणि तो तटस्थ नव्हताच. गोवा मुक्त व्हावा हाच त्याचा हेतू, तो नावातच होता. पण त्यांच्यावर एक वेगळाच चाप होता, ऐकणाऱ्याचा. म्हापशाच्या बाजाराबद्दल तुम्ही काही चुकीचं बोललात, तर म्हापशातल्या माणसाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेल्या गेल्या कळणार. एकदा खोटं ठरलात की पकडले जाण्याचा धोका पत्करून तुम्हाला कोण ऐकेल?

एक उदाहरण देतो. दादरा-नगर हवेलीला जाण्यायेण्याच्या हक्कावरून पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. पोर्तुगालला साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा नव्हता. आणि भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही. बघा, आपणच जिंकलो असं दोन्ही बाजूंना सांगता येईल असा निकाल! फक्त एकच स्टेशन ऐकणाऱ्याला तो अर्धाच कळला असणार. दुसरा आवाज हवा तो यासाठी.

१९४२ मध्ये मुंबईत उषा मेहतांनी काँग्रेस रेडिओ चालवला, तो पोलिसांनी तीनएक महिन्यांत पकडला. तो आपल्याला शाळेत निदान एका ओळीत तरी भेटतो. हा सहा वर्षं चालला, आणि कित्येकांना त्याचं नावही माहीत नाही.

मला सगळ्यात जास्त छळते ती वेगळीच गोष्ट. तुम्ही हा भाग कितव्या सेकंदाला बंद केलात, ते माझ्या ॲपवर मला दिसतं. आकडे घसरले की माझा दिवस खराब जातो. त्या दोघांना आकडे नव्हतेच. आणि ऐकणाऱ्याने उघडपणे पत्र लिहून 'छान बोललात' असं कळवणं म्हणजे स्वतःहून तुरुंगाची वाट धरणं. समोर झाडं, हातात कागद, रोज दोनदा बोलायचं. सहा वर्षं.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि १९ तारखेला पोर्तुगीज राज्य संपलं. मग लिबिया आणि वामन हवाई दलाच्या विमानात बसले. विमानाला लाऊडस्पीकर लावला होता. गोव्यावरून उडत, पत्रकं टाकत, त्यांनी कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये सांगितलं की गोवा मुक्त झाला. इतकी वर्षं बंद दारांमागे ऐकलेला आवाज त्या दिवशी अंगणात, रस्त्यावर, मोठ्याने ऐकू आला.

दोघांनी पुढे लग्न केलं. २०२५ मध्ये लिबियाताईंना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांचं वय होतं १०० वर्षं.

तुमच्यापैकी कुणाचं आजोळ गोव्यात असेल, तर आज फोन करून विचारा, घरात तेव्हा कुणी हा रेडिओ ऐकायचं का? कुठल्या खोलीत, कसा? उत्तर मिळालं तर मला व्हॉइस नोट पाठवा.