आभाळातून आलेला शब्द

तुळजापूरच्या भवानीला किंवा नळदुर्गचा किल्ला पाहायला जाणाऱ्या सोलापूरकराला आज वाटेत हद्द कोठे लागते याचा पत्ताही लागत नाही. १९४८ पर्यंत मात्र ही दोन्ही गावे परराज्यात होती. तेथे अंमल होता निजामाचा आणि दहशत होती रझाकारांची. त्या जाचाला कंटाळून मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे घरदार सोडून सोलापूरच्या आश्रयाला आली होती.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सेनेची मुख्य तुकडी सोलापूरहून नळदुर्गकडे निघाली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी तिचे सेनापती होते. पाचव्या दिवशी, १७ तारखेस, निजामाने हार मानली. रणगाड्यांची ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. पण या मोहिमेत कागदानेही चाकरी केली. भारतीय विमानांनी संस्थानात पत्रके टाकली. त्यांचा आशय साधा होता: आम्ही जिंकायला आलो नाही, शांतता राखा, सेनेला साहाय्य करा, निरपराध माणसाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, अभय आहे.

रणगाडे असताना कागद कशाला, असे कोणी विचारील. परंतु सोलापूर ते हैदराबाद हा सुमारे तीनशे किलोमीटरांचा पल्ला. वाटेवरची गावे बिथरली, तर रस्ते अडतात, अफवा उठतात. शिवाय, भारतीय सेना आलीच तर तिला येथे हिंदूंची हाडे आणि राखच दिसेल, अशा धमक्या रझाकार देत होते. भ्यालेल्या रयतेला धीर देणे हेही सेनेचे कामच होते. त्या काळी संस्थानात दहांत जेमतेम एकाला वाचता येई. म्हणजे पत्रकातील शब्द बहुतेकांना पोचायचा तो दुसऱ्याच्या तोंडूनच.

आता पुढची गोष्ट. सणाच्या दिवशी ती सांगू नये असे वाटेल. पण सांगितलीच पाहिजे. सेना पुढे गेली आणि मागे राहिलेल्या गावांत सूडाला ऊत आला. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांची फेड ज्यांनी काही केले नव्हते अशा मुसलमान शेजाऱ्यांकडून घेतली गेली. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीसाठी धाडले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत सोलापूरला खेटून असलेला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हाही होता. काही ठिकाणी तर सेनेतील आणि पोलिसांतील माणसांचाही हात होता, असे त्यांनी नमूद केले. हा अहवाल सरकारने त्या काळी प्रसिद्धच केला नाही.

म्हणजे आभाळातून आलेला शब्द जमिनीवर फोल ठरला काय? सर्वस्वी नाही. त्याच अहवालात एक नोंद आहे. काही गावांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदूंच्याच जमावापासून वाचवले आणि त्यापायी काहींनी जीवही दिला. सोलापूरसारख्या मागांच्या शहराला या नोंदीचे मोल निराळे सांगायला नको. एकाच धंद्यात जन्म काढलेल्या माणसांना एकमेकांची नड कळते.

सरकार अभयाचे पत्रक छापू शकते, विमान ते गावोगाव टाकू शकते. पण त्यातला शब्द पाळायचा असतो तो शेजाऱ्याने. त्या विणकरांपैकी किती जणांना अक्षरओळख होती, कोण जाणे. पत्रक खरे केले ते मात्र त्यांनीच.