टांगेवाला कुठं गेला?

मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली. १९०७ ला ती विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली. शहराचा इतिहास लिहिणारे पांढरपेशे या ट्रामच्या आठवणीनं फार हळवे होतात. होऊ देत. पण त्या बाकावर कोण कुणाला खेटून बसला, हे त्यांना विचारावंसं वाटत नाही. दोस्तहो, आपल्याला तेच विचारायचंय.

१९०१ साली लहानगा भीमराव भावाभाच्यांसोबत वडलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनावर उतरला. रेल्वेनं तिकीट दिलं होतं, डब्यात बसू दिलं होतं. स्टेशनाबाहेर मात्र जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं, पोरांनीच बैल हाकायचे आणि गाडीवान पायी चालणार, या अटीवर गाडी मिळाली. पुढं १९२९ ला चाळीसगावात तेच. आता ते बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सभासद होते. तरी टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. त्यानं टांगा दिला, हाकायला वस्तीतलाच एक माणूस बसला. त्याला हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. हे दोन्ही प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवलेत.

आता रेल्वे काही समतेची पुजारीण नव्हती. तिला पैसा पाहिजे होता. तिनं माणसं वर्गात वाटली, आणि आपला बाप बहुतेक तिसऱ्या वर्गात. पण तिकिटाच्या खिडकीवर पैसे मोजले की गाडीत पाय ठेवता यायचा. टांगा मात्र टांगेवाल्याच्या मर्जीचा. मर्जीची गाडी आणि तिकिटाची गाडी यातला फरक आपल्याइतका कुणाला कळणार?

आपल्या पट्ट्यात रेल्वे आली १८५८ ला, खंडाळ्याहून पुण्याला. १९५४ ला पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. त्याच साली २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी याच लाइनीवरच्या देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली. साठच्या दशकात एमआयडीसी आली, कारखाने वाढले. पुण्याची पीएमटी १९५० पासूनची, पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी १९७४ ची, लोणावळा लोकल १९७८ ची.

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून इकडं आली. बसमध्ये कंडक्टर ओरडायचा, ‘पुढं चला, पुढं चला!’ आजी सांगायची, गावात जल्मभर ‘मागं हो’ ऐकलेलं, हा बाबा पुढं चल म्हणतोय. पहिल्यांदा तिला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणतोय. या एका वाक्यासाठी मी पीसीएमटीला इतिहासात जागा देतो.

२००७ ला दोन्ही बससेवा मिळून पीएमपीएमएल झाली. ६ मार्च २०२२ ला पिंपरीहून फुगेवाडीपर्यंत मेट्रो सुरू झाली, २०२४ ला ती स्वारगेटला पोचली. गार हवा, चकचकीत फरशी. मी बसलोय, चांगली आहे. १ जून २०२५ पासून बसचं कमीत कमी तिकीट मात्र ५ वरून १० रुपये झालं. तिकीट वाढलं की तिकिटाची गाडीसुद्धा लांब जाते.

आणि चाकण? इथं रेल्वे स्टेशन नाही, मेट्रो नाही. एवढा कारखान्यांचा पट्टा, रात्रंदिवस पाळ्या चालतात. मी इथल्याच एका गिरणीत ठेक्यावर आहे. रात्री पाळी सुटली की कायम कामगारांची गाडी फाटकाशी उभी असते. अर्धी रिकामी. आम्हाला चढू देत नाहीत. उरतो ठेकेदाराचा टेम्पो. त्यात कोण बसणार ते मुकादम ठरवतो, पैसे पगारातून कापतात, आणि ज्यानं जादा पाळीला नकार दिला तो त्या रात्री नाशिक फाट्याच्या दिशेनं चालत निघतो. टांगेवाला विचारायचा, ‘कोण लोक?’ मुकादम विचारतो, ‘कुणाचा माणूस?’

आम्ही पाळीच्या वेळेला धरून रात्रीच्या सार्वजनिक बशी मागायचा अर्ज केलाय. भोसरी, मोशी, चाकणच्या वस्त्यांतून सह्या चालू आहेत. तुमच्या कारखान्याची पाळी किती वाजता सुटते, किती जण पायी जातात, एवढं कागदावर लिहून आणा. येत्या रविवारी विहारात बसू.