सायमोनी मायकल: ई७-५५१ क्रमांकाचा लोकप्रतिनिधी

आमच्या मंडळात आडनावांवर अधूनमधून टिपणं वाचली जातात. पोर्तुगीज दप्तरात प्रभूंचे ‘पोरोबो’ झाले, कामतांचे ‘कामोतीम’, शेणवींचे ‘सिनाय’. मुक्तीनंतर कितीतरी घराण्यांनी ही नावं पुन्हा आपल्या वळणावर आणली आणि १९९० साली गोव्यात नाव-आडनाव बदलण्याचा स्वतंत्र कायदाच झाला. हे सगळं चाळताना मला एक प्रश्न सारखा पडायचा. सरकारी दप्तराने माणसाचं नाव बिघडवलं तर ते दुरुस्त करायचं काम कुणाचं? वकिलाचं, घरातल्या वडीलधाऱ्याचं, की आपण निवडून दिलेल्या माणसाचं? या प्रश्नाच्या मागे लागून मी बराच लांब, कॅनडाच्या उत्तर ध्रुवप्रदेशात जाऊन पोचलो. तिथे १९६६ साली निवडून आलेल्या एका सुताराने हाच प्रश्न विधिमंडळात मांडला होता. फरक एवढाच की त्यांच्या लोकांचं नाव नुसतं बिघडलं नव्हतं, नावाला आकडा जोडला गेला होता.

सायमोनी मायकल यांचा जन्म १९३३चा, बॅफिन बेटावरचा. हे जगातलं पाचव्या क्रमांकाचं मोठं बेट, महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठं, आणि वस्ती मात्र किनाऱ्यालगत विखुरलेली. आज ज्या गावाला इकालुइट म्हणतात, म्हणजे ‘पुष्कळ माशांची जागा’, ते तेव्हा नकाशावर एका इंग्रज दर्यावर्दीच्या नावाने ‘फ्रॉबिशर बे’ होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तिथे विमानतळ बांधला. पुढे १९५०च्या दशकात सोव्हिएत विमानांवर नजर ठेवणाऱ्या रडार केंद्रांची रांग उभी राहिली आणि शिकारीवर जगणारी इनुइट कुटुंबं मजुरीसाठी या गावाभोवती गोळा होऊ लागली. (‘एस्किमो’ हा शब्द आता तिकडे कुणाला आवडत नाही. एक असेल तर इनुक, अनेक असतील तर इनुइट.) सायमोनी सुतारकाम करत, स्वतःचा धंदा सांभाळत. शिवाय इनुक्टिटुट आणि इंग्रजी या दोन्ही भाषा जाणणारी जी मोजकी माणसं तेव्हा होती, त्यांतले ते एक. घरबांधणीच्या सहकारी चळवळीत ते पडले, गावच्या कारभाराच्या समित्यांवर नेमले गेले. आजच्या इकालुइट नगर परिषदेची पूर्वज म्हणावी अशी जी समिती होती, तिच्यावरही ते होते. दुभाषाचं काम करणाऱ्या माणसाकडे दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी येतात, हे आपल्याकडच्या जुन्या दुभाष्यांच्या कागदांतूनही दिसतं. सायमोनींचं राजकारण तिथूनच सुरू झालं असावं असं मला वाटतं.

आता त्या आकड्याविषयी. इनुइटांत आडनाव नावाची गोष्टच नव्हती. मिशनरी आले, बायबलमधली नावं आली, ती इनुक्टिटुटच्या तोंडात बसली: सायमनचं सायमोनी, ॲडमचं ॲडमी, डेव्हिडचं डेव्हिडी. मिशनरी एका तऱ्हेने लिहायचा, हडसन्स बे कंपनीचा कारकून दुसऱ्या तऱ्हेने, पोलीस तिसऱ्या. एकच माणूस तीन वह्यांत तीन जण व्हायचा. उपाय म्हणून पोलिसांनी आधी बोटांचे ठसे घेऊन पाहिले. ठशांची ही पद्धत कारभारात रुजली ती आपल्याच देशात, बंगालमध्ये, हे जाता जाता. पण ठसे म्हटलं की गुन्हेगार डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे ते मागे पडलं. मग १९३५च्या सुमारास बॅफिन बेटावरच्या पांगनिर्टुंग इथल्या सरकारी डॉक्टरने सुचवलं की प्रत्येकाला क्रमांकाचा बिल्ला द्यावा. १९४१च्या जनगणनेच्या वेळी ते अमलात आलं.

बिल्ला म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढी, दाबलेल्या तंतूंची गोल चकती. मध्ये राजमुकुट, कडेने ‘एस्किमो ओळख, कॅनडा’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं, आणि वरती दोरी ओवायला भोक. ती गळ्यात घालायची किंवा कपड्याला शिवून ठेवायची. इनुक्टिटुटमध्ये तिला उयामिक म्हणू लागले. पुढे विभाग पाडले: पूर्वेकडच्यांना ‘ई’, पश्चिमेकडच्यांना ‘डब्ल्यू’, त्यापुढे विभागाचा आकडा आणि मग माणसाचा. बिल्ले आले तेव्हा सायमोनी आठ वर्षांचे होते. सरकारदरबारी ते झाले सायमोनी ई७-५५१.

हे काम कुणी दुष्टपणाने केलं असं म्हणता येत नाही. १९४५पासून कॅनडात प्रत्येक मुलामागे सरकारी भत्ता सुरू झाला, तो योग्य आईबापांना मिळायचा तर नोंद पक्की हवी होती. क्षयरोगाची साथ होती. १९५०नंतर ‘सी. डी. हाउ’ नावाचं जहाज दर उन्हाळ्यात किनाऱ्याने फिरत लोकांच्या छातीचे क्ष-किरण फोटो काढायचं, आणि ज्यांना रोग आढळला त्यांना तसंच दक्षिणेकडच्या रुग्णालयांत घेऊन जायचं. १९५६च्या सुमारास दर सात इनुइटांमागे एक जण असा घरापासून हजारो मैल लांब खाटेवर होता. तिथल्या परिचारिकेला नाव उच्चारता येत नसे, क्रमांक वाचता येई. क्रमांकामुळे काही माणसं घरी सुखरूप पोचलीही असतील. पण आपल्याच देशात फक्त एका जमातीला, आणि तिला न विचारता, आकडा लावला होता. कॅनडातल्या इतर कुणाच्या गळ्यात असा बिल्ला नव्हता.

शिवाय ज्या लोकांचं नाव पुसून आकडा पुढे आला, त्यांच्याकडे नावाचं मोल काय होतं? हा भाग मराठी वाचकाला चटकन कळेल. इनुइटांत मूल जन्मलं की नुकत्याच वारलेल्या नातलगाचं किंवा स्नेह्याचं नाव त्याला द्यायचं. ज्याचं नाव तो आपला ‘सौनिक’, शब्दशः हाड. नावाबरोबर नातंही येतं. आजीचं नाव मिळालेल्या मुलीला तिची स्वतःची आई ‘आई’ म्हणून हाक मारते. नावाला स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही, आजोबांचं नाव नातीलाही चालतं. आपल्याकडे आजेसासऱ्याचं नाव ठेवलेल्या नातवाला घरातल्या सुना नावाने हाक मारत नसत, ‘आबा’ नाहीतर ‘बाळ’ म्हणून वेळ निभावत. तो संकोच ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना हे परकं वाटणार नाही. अशा समाजात ‘ई७-५५१’ या आकड्याने कुणाचाच कुणाशी संबंध लागत नाही.

सायमोनी ज्या सभागृहात गेले ते नीट समजायला गोव्याचा इतिहास उपयोगी पडतो. नॉर्थवेस्ट टेरिटरीज हा आपल्या जुन्या संघप्रदेशासारखा प्रांत: वर केंद्राने नेमलेला आयुक्त, आपला नायब राज्यपाल समजा, आणि त्याच्या हाताशी एक परिषद. ही परिषद कित्येक वर्षं पूर्णपणे नेमणुकीची होती आणि बसायची ओटावात. १९५१मध्ये पहिले निवडून आलेले सदस्य आले, पण ते फक्त पश्चिमेकडच्या मॅकेंझी भागातून. पूर्वेच्या इनुइट मुलखाला मतदारसंघच नव्हता. तो मिळाला १९६६मध्ये, म्हणजे आपण डिसेंबर १९६३मध्ये पहिल्यांदा विधानसभेसाठी रांगा लावल्या त्यानंतर तीन वर्षांनी. नव्या परिषदेत बारा जण: सात निवडलेले, पाच नेमलेले. पूर्वेच्या तीन नव्या जागांपैकी एकीवर स्कॉटलंडहून आलेला फर व्यापारी डंकन प्राइड निवडून आला, दुसरीवर ब्रिटनमध्ये जन्मलेला मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यमसन, आणि ‘पूर्व आर्क्टिक’ या तिसऱ्या जागेवर सायमोनी मायकल. याआधी १९६५मध्ये एब ओक्पिक हे इनुक गृहस्थ परिषदेवर नेमले गेले होते. पण मतं मागून, मतपेटीतून कॅनडातल्या कुठल्याही विधिमंडळात पोचलेला पहिला इनुक म्हणजे सायमोनी. १९६७मध्ये राजधानी येलोनाइफला आली. तीही त्यांच्या गावापासून दोन हजार किलोमीटरहून लांब. पणजीला बसने सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या आपल्या आमदारांनी हे अंतर एकदा मनात आणून पाहावं.

त्यांची कारकीर्द १९७०पर्यंत. त्यात गावांच्या पायाभूत सोयी आणि सार्वजनिक आरोग्य यांवर त्यांनी जोर दिला, आणि ते स्वाभाविकच होतं. पण त्यांचं नाव राहिलं ते दुसऱ्या कारणाने. आपल्याला येणारी पत्रं ‘सायमोनी ई७-५५१’ या नावाने येतात आणि ती तशी यायला नकोत, असं त्यांनी परिषदेला सांगितलं. तक्रार म्हणाल तर एवढीच, टपालाच्या पाकिटाएवढी. मला मात्र ती फार हुशारीची वाटते. आकड्यांविरुद्ध तात्त्विक भाषण केलं असतं तर अधिकाऱ्यांनी भत्त्याच्या नोंदी, रुग्णालयं, जनगणना अशी कारणं पुढे केली असती, आणि ती खोटीही नव्हती. पण शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या सहकाऱ्यांची पत्रं नावाने येतात आणि आपलं आकड्याने, यावर उत्तर कोण काय देणार? बिल्ल्याला तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली होती. मधल्या काळात बिल्लाधारकांतला कुणी त्या सभागृहात मत मागून येऊन बसलाच नव्हता.

परिषदेने विषय उचलला आणि ‘प्रोजेक्ट सरनेम’, म्हणजे आडनावांची योजना, मंजूर झाली. १९७०मध्ये प्रांताची शताब्दी होती, तोवर प्रत्येक इनुइट कुटुंबाला आडनाव असावं असं ठरलं. काम सोपवलं ते एब ओक्पिक यांच्यावर. ते स्वतः डब्ल्यू३-५५४. मॅकेंझी नदीच्या मुखाकडचे, म्हणजे पार दुसऱ्या टोकाचे आणि वेगळ्या बोलीचे. १९६८ ते १९७१ ते गावोगाव गेले, घराघरांत बसून चहा घेत लोकांना विचारत राहिले की तुम्हाला कुठलं आडनाव हवं. बहुतेकांनी वडिलांचं किंवा आजोबांचं नाव घेतलं. पुढे बिल्ले हळूहळू मागे पडले. ओक्पिक यांना या कामाबद्दल ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ मिळाला. आपल्या शोधनिबंधांत श्रेय देताना पुष्कळदा एकालाच देऊन मोकळं होतात. इथे एकाने प्रश्न विचारला आणि दुसऱ्याने पायपीट केली, दोघांचीही नावं बरोबरच घ्यायला हवीत.

पण गोष्ट इथे गोड होत नाही. आडनाव ही मुळात इनुइटांची रीतच नव्हे. बापाचं नाव मुलाला, नवऱ्याचं बायकोला, ही चौकट बाहेरचीच. आजोबांचं नाव सगळ्या घराला आडनाव म्हणून लागलं की ते कुणा एकाचं सौनिक राहत नाही. कॅनडातल्या अभ्यासक व्हॅलरी ॲलिया यांनी पुढे या योजनेवर सविस्तर पुस्तक लिहिलं, १९९४मध्ये. त्यात लोक सांगतात की शिकारीवरून परत आलो तर घरातल्या कुणीतरी आमच्या वतीने आडनाव देऊन टाकलेलं, कुठे भावाभावांची आडनावं वेगळी, कुठे स्पेलिंग भलतंच. गोव्याचे दस्तऐवज पाहणाऱ्याला हे सगळं ओळखीचं वाटतं. म्हणून सायमोनींचा प्रश्न चुकला का? मला तसं वाटत नाही. त्यांनी मागितलं होतं ते नाव. ते आडनावाच्याच रूपात द्यायचं, आणि तेही शताब्दीच्या मुहूर्तावर, हे सरकारने ठरवलं.

१ एप्रिल १९९९ला पूर्वेकडचा हा मुलूख वेगळा होऊन नुनावुत प्रांत झाला, राजधानी इकालुइट. तिथल्या विधानसभेत पक्ष नाहीत. सगळे सदस्य अपक्ष म्हणून निवडून येतात आणि आपल्यातूनच गुप्त मतदानाने मुख्यमंत्री निवडतात. बहुसंख्य सदस्य इनुइट असतात, कामकाज इनुक्टिटुटमध्येही चालतं. सायमोनींनी हे सगळं आपल्याच गावात पाहिलं. ते २००८च्या नोव्हेंबरात वारले. त्याआधी चार वर्षं लूसी इडलाउट या इनुइट गायिकेने आपल्या गाण्यांच्या संग्रहाला आईचा बिल्ला क्रमांक, ई५-७७०, हेच नाव दिलं होतं. काही घरांत त्या चकत्या अजून जपून ठेवलेल्या आहेत, काहींना त्या नजरेसमोरही नकोत.

ज्यांना याविषयी आणखी वाचायचं असेल त्यांच्यासाठी एक सूचना. सायमोनींचं पहिलं नाव इंग्रजीत दोन प्रकारे लिहिलेलं आढळतं, आडनाव कुठे ‘मायकल’ तर कुठे ‘मिशेल’, आणि जुन्या कागदांत आडनावाच्या जागी सरळ ई७-५५१. शोधताना सगळी रूपं घालून पाहावीत.