थेट दर्शनासाठी एन्कोडरची नेटवर्क मांडणी

सुपा धरणाच्या जलाशयाखाली जुने सुपे गेले, तालुक्याचे ठिकाण जोयडा झाले आणि अनेक कुटुंबे रामनगरास येऊन वसली. पुढील पिढ्या बेळगाव, गोवा, मुंबई येथे गेल्या. उत्सवास ज्यांना येता येत नाही, त्यांना घरबसल्या दर्शन घडावे हा थेट प्रक्षेपणाचा हेतू होय. कॅमेरा बहुधा चांगला असतो; अडते ते एन्कोडरपाशी, म्हणजे चित्र आकुंचित करून इंटरनेटवर पाठविणाऱ्या यंत्रापाशी. म्हणून विश्वस्त व सेवेकरी यांच्या माहितीसाठी हे टिपण देत आहोत.

तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यात येतो व मोबाइलचे मनोरे विरळ आहेत. एरवी मिळणारा अपलोड वेग उत्सवाच्या दिवशी मिळेलच असे नाही, कारण जमलेल्या सर्वांचे फोन त्याच मनोऱ्यावर असतात. केबलची जोडणी उपलब्ध असल्यास तीच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एन्कोडरला प्रथम डीएचसीपीने पत्ता घेऊ द्यावा. तो चालला की राउटरच्या वाटप-कक्षेबाहेरचा स्थिर आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे व डीएनएस भरावेत. डीएनएस रिकामा राहिल्यास यंत्राच्या पडद्यावर चित्र दिसते, पण सर्व्हरचे नाव न सापडल्याने बाहेर काहीच जात नाही.

आउटपुटच्या पानावर पद्धत निवडावयाची असते. आरटीएमपी सामान्यतः १९३५ पोर्टवर चालते, तिचे सुरक्षित रूप आरटीएमपीएस बहुधा ४४३ वर. यूट्यूबसाठी हेच दुसरे घ्यावे. सर्व्हरचा पत्ता व स्ट्रीम की जशीच्या तशी उतरवावी. दुबळ्या जोडणीवर एसआरटी अधिक तग धरते (ती २०१७ साली सर्वांसाठी खुली झाली), मात्र पलीकडील सेवा ती स्वीकारते का हे आधी पाहावे. तेथे ‘कॉलर’ प्रकार निवडावा, कारण मोबाइल जोडणीस बाहेरून पोहोचता येईल असा पत्ता सहसा नसतो. लेटन्सी ही संदेशाच्या जाण्यायेण्याच्या वेळेच्या सुमारे चौपट ठेवावी : १५० मिलिसेकंद असल्यास ६००.

सर्वांत महत्त्वाचा आकडा बिटरेटचा. मोजलेल्या अपलोडच्या निम्म्यावर जाऊ नये. ३ एमबीपीएस मिळत असल्यास ध्वनीच्या १२८ केबीपीएससह एकूण १.५ एमबीपीएस, ठराविक बिटरेट, ७२० रेषा, सेकंदाला २५ चौकटी आणि दर २ सेकंदांना की-फ्रेम. स्थिर गाभाऱ्यास हे पुरते. पालखीच्या गर्दीत चित्र थोडे मऊ पडेल, पडू द्यावे. अडखळणाऱ्या लखलखीत चित्रापेक्षा ते बरे. या दराने तासाला सुमारे ६७५ एमबी खर्च होतात. दिवसाला २ जीबी देणारे सिमकार्ड तीन तासांच्या आतच संपते, आणि नेमकी महाआरती हुकते! तेव्हा पॅक आधीच पाहून ठेवावा.

स्ट्रीम की ज्याच्या हाती, तो न्यासाच्या नावे काहीही प्रसारित करू शकतो. ती व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकू नये आणि उत्सव संपताच बदलावी. यंत्राचा मूळ पासवर्डही पहिल्याच दिवशी बदलून तो दोन विश्वस्तांकडे लेखी ठेवावा, ही नम्र विनंती.